काहूनबाई

तायडे मॅडमना बरोबर आलेल्या उत्तराचा संशय यायचा. उत्तर चुकीचं आलं तर त्या शांत असत. खुर्ची पुढे ओढत, चष्मा पुसत आणि कामाला लागत. पण उत्तर अगदी मनासारखं आलं, सगळ्यांचे चेहरे खुलले, की त्यांच्या कपाळावर आठी पडे. स्क्रीनकडे बघत त्या एकच शब्द बोलत, "काहून?" इतर ठिकाणची माणसं चुकलं की 'का' विचारतात. मॅडम बरोबर आलं की 'काहून' विचारत. म्हणून आमच्या दवाखान्यात त्यांच्या माघारी त्यांना सगळे काहूनबाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा वॉर्डातल्या सिस्टरच्या तोंडून चुकून त्यांच्यासमोरच 'काहूनबाई' निघालं, तेव्हा सिस्टर पांढऱ्या पडल्या आणि मॅडम म्हणाल्या, "बरंय. माह्या मायनं ठेवलेल्या नावाले तरी काही अर्थ नव्हता."

मी अमरावतीतल्या त्या धर्मादाय दवाखान्यात लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. संगणक विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. एका भिंतीपलीकडे ऑक्सिजनच्या टाक्या आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे धोबीखाना. खोलीत दोनच माणसं, मॅडम आणि मी. आसपासच्या तालुक्यांत जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, जाड कागदाच्या कार्डावर वाळवायचा आणि आमच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, असा दवाखान्याचा एक मोठा उपक्रम होता. काही बाळांना जन्मतःच थायरॉइड कमी असतं. ते पहिल्या काही आठवड्यांत कळलं तर रोजची एक छोटी गोळी पुरते. उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटते, आणि मग कुठलीही गोळी ते भरून काढत नाही. या सगळ्या बाळांच्या, आयांच्या, गावांच्या आणि तपासण्यांच्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये असत. त्यातून हवी ती यादी काढायची तर डेटाबेसला त्याच्या भाषेत प्रश्न विचारावा लागतो. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. मी कॉलेजातून क्वेरी लिहायला शिकून आलो होतो. आलेल्या उत्तराकडे बघायचं कसं, ते मला मॅडमनी शिकवलं.

मॅडम मूर्तिजापूरच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी ज्या अरुंद रुळांवरून चालायची त्या रुळांची देखभाल करायचे. सहा भावंडांत बी.एस्सी. झालेल्या या एकट्याच. लग्न केलं नाही. रोज सकाळी मूर्तिजापूरहून गाडीने बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने अमरावती गाठायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि जुन्या कॅलेंडरची पानं फाडून शिवलेली एक चोपडी. आवाज भरड आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं की या बाईंना मी आवडलेलो नाही. सहा महिन्यांनी कळलं, त्या सगळ्यांशीच तसं बोलतात. मोठ्या डॉक्टरांशीसुद्धा.

त्यांची पहिली सक्ती मला फार जाचायची. क्वेरी चालवण्याआधी, साधारण किती नावं निघतील त्याचा अंदाज त्या कागदावर लिहायला लावत. मी एकदा हसून म्हटलं, मॅडम, उत्तर माहीत असतं तर संगणकाला विचारलंच कशाला असतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हसायचा थांबलो. "अंदाज नाई लिवला तर जे येईन ते तुले खरंच वाटन," त्या म्हणाल्या. "आधी काही धरून ठेवलं असन, तरच माणूस दचकते. आपलं काम दचकायचं हाये." तेव्हापासून मी मुकाट्याने अंदाज लिहू लागलो. सुरुवातीला माझे अंदाज अगदी वेडेवाकडे असत. मॅडमचे बहुतेक वेळा दोन-तीन नावांच्या फरकाने बरोबर येत, कारण त्या दर आठवड्याला प्रत्येक केंद्राच्या परिचारिकेशी फोनवर बोलायच्या आणि कुठे किती बाळंतपणं झाली ते त्यांच्या डोक्यात असायचं.

लागून महिना झाला असेल, तेव्हाची गोष्ट. नांदगाव खंडेश्वरच्या केंद्रावर नोंद झालेल्या गरोदर बायकांची यादी मी काढली. ती अंदाजापेक्षा बरीच मोठी आली. मी क्वेरी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, अटी बदलून पाहिल्या. अर्धा दिवस गेला. मॅडम आपल्या जागेवरून बघत होत्या. शेवटी उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "गर्दीत चूक सापडत नसते प्रफुल. एक बाई धर अन् तिच्या मागं जा." मी यादीतली एक बाई धरली. तिचं नाव यादीत दोनदा होतं. तिच्या मागे गेलो तर तिने नवऱ्याचा आणि भावाचा असे दोन मोबाइल नंबर दिलेले. बायकांचा तक्ता आणि मोबाइलचा तक्ता मी क्वेरीत एकमेकांना जोडला होता, म्हणून जिचे नंबर दोन ती बाई दोनदा आली होती. अर्ध्या दिवसाचं काम चार मिनिटांत झालं. मॅडमनी शाबासकी दिली नाही. डबा उघडला आणि त्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. ती शाबासकी होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या एका वेळी एकच गाव अहवालात दोन ओळींवर येऊ लागलं. नाव तेच, अक्षरं तीच, तरी गावं दोन. एका ओळीवरच्या नावाच्या शेवटी एक मोकळी जागा टाइप झालेली होती. ती डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते वेगळं नाव ठरतं. मी ती जागा पुसून टाकली आणि नोंद करणाऱ्यांना काही कळत नाही, असं काहीतरी बोललो. मॅडमना ते लागलं. त्यांनी तिथल्या नोंदणी करणाऱ्या मुलीला फोन लावला, रागावण्यासाठी नव्हे, तर ती नेमकी कशी टाइप करते ते विचारायला. तिच्या कीबोर्डची एक कळ अडकत होती असं निघालं. दोन दिवसांनी नवा कीबोर्ड गेला. मग मला म्हणाल्या, मी स्वतः नऊ वर्षं नोंदणीच करत होते, अकोल्यात. त्या खुर्चीवर बसून बघ, मग बोल. त्यानंतर मी तसं कधी बोललो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

दर सोमवारी आमच्याकडून एक यादी जायची. ज्या बाळांची पहिली तपासणी संशयास्पद आली आहे आणि दुसरी अजून झालेली नाही, अशा बाळांची. ही यादी पाहून परिचारिका घरोघरी फोन करायच्या आणि बाळांना परत बोलवायच्या. यादीची क्वेरी मी लिहिलेली. दर आठवड्याला पाच-सहा नावं निघत. एका साली मॅडमच्या बहिणीचं, मंदाताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मॅडम महिनाभर रजेवर गेल्या. त्या गेल्यावर चार-पाच दिवसांनी एका केंद्रावरून फोन आला. दुसऱ्या तपासणीचं एक कार्ड पावसात भिजलं होतं, त्यावरचा बाळाचा क्रमांक वाचता येत नव्हता, आणि क्रमांक भरल्याशिवाय संगणक नोंद घेत नव्हता. मी डेटाबेसमधली ती सक्ती काढून टाकली. दोन मिनिटांचं काम. सिस्टर खूश झाल्या, मीही खूश झालो. क्रमांकाची जागा रिकामी सोडून त्यांनी नोंद केली.

पुढच्या सोमवारी यादीत शून्य नावं आली. मी अंदाज लिहिला नव्हता. मॅडम नव्हत्या ना. परिचारिकांनी मनावर घेऊन सगळी बाळं तपासून टाकली असतील, असं मला वाटलं. त्याच्या पुढच्या सोमवारी परत शून्य. तिसऱ्या सोमवारीही शून्य आलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत सगळ्यांचं कौतुक केलं, विशेष करून संगणक विभागाचं, आणि सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले. मी दोन खाल्ले.

चौथ्या सोमवारी मॅडम परत आल्या. पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्यायल्या आणि यादी मागितली. मी अभिमानाने शून्य दाखवलं आणि तिन्ही आठवड्यांचं सांगितलं. त्यांनी आधी कॅलेंडरच्या पानावर 'सहा' लिहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं.

"काहून?" त्या म्हणाल्या.

मी परिचारिकांच्या मेहनतीचं सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. उठल्या आणि प्रयोगशाळेत जाऊन हाताने लिहिलेलं रजिस्टर घेऊन आल्या. बोटाने ओळी खाली नेत गेल्या आणि एका नोंदीवर थांबल्या. एका मुलीची पहिली तपासणी संशयास्पद. मग दुसऱ्या तपासणीचं रजिस्टर पाहिलं. त्यात ती मुलगी नव्हती. म्हणजे ती आमच्या यादीत असायला हवी होती, आणि यादी रिकामी होती. एक बाळ धरलं होतं. आता त्याच्या मागे जायचं होतं.

माझी क्वेरी दोन पदरी होती. आतल्या भागात, दुसरी तपासणी झालेल्या सगळ्या बाळांचे क्रमांक निघत. बाहेरचा भाग पहिली तपासणी संशयास्पद आलेलं एकेक बाळ घेऊन विचारी, हे त्या क्रमांकांमध्ये नाही ना? नसेल तर त्याचं नाव काढ. मॅडमनी मला फक्त आतला भाग चालवायला सांगितला. क्रमांकांची लांब रांग आली. रांगेच्या अगदी वर एक ओळ रिकामी होती. मॅडमनी त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोण हाये?"

मग त्यांनीच समजावलं, न चिडता, शाळेतल्या पोराला समजवावं तसं. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे आणि 'कोणी नाही' असंही नव्हे. रिकामी जागा म्हणजे 'कोण ते माहीत नाही'. वर्गात एक मुलगी तोंडावर ओढणी घेऊन बसली आहे असं समज, त्या म्हणाल्या. बाकी सगळ्यांचे चेहरे दिसतात. आता मी तुला विचारलं, सुनीता वर्गात नाही हे तू छातीवर हात ठेवून सांगशील का? नाही सांगता येणार, कारण ती झाकलेली मुलगी सुनीता असू शकते. कविता नाही, हेही सांगता येणार नाही. कोणाचंच सांगता येणार नाही. संगणकाचं तेच झालं होतं. एका अनोळखी क्रमांकामुळे तो कुठल्याच बाळाबद्दल 'हे नक्की नाही' असं म्हणू शकत नव्हता, म्हणून तो एकही नाव काढत नव्हता.

"मशीन खोटं नाई बोलली," मॅडम म्हणाल्या. "तिले शंका आली म्हणून ते गप्प बसली. आपल्याले शंका आली नाई, हा घोळ झाला."

मी लगेच क्वेरीत एक अट घातली, रिकामे क्रमांक सोडून दे. अकरा नावं आली. तीन आठवड्यांत कोणीही फोन न केलेली अकरा बाळं. यादी तर मिळाली असं वाटून मी ती छापायला घेतली. मॅडमनी थांबवलं. रिकामी ओळ अजून तशीच होती. ते भिजलेलं कार्डही कोणत्या तरी बाळाचंच होतं. "रिकामी जागा गाळली की क्वेरी सुधरते, बाळ नाई सुधरत," त्या म्हणाल्या, आणि केंद्रावर फोन लावून, त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते विचारत विचारत, अर्ध्या तासात त्या कार्डाची आई शोधून काढली. अकरातलंच एक बाळ होतं ते. त्याची तपासणी ठीक आली होती. राहिली दहा.

नऊ बाळांच्या घरी त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फोन लागले. सगळी येऊन गेली आणि सगळी ठीक निघाली. दहाव्या घरचा फोन बंद होता. आई कोमल, पहिलटकरीण, पत्ता नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावाचा. मॅडमनी दवाखान्याची जीप मागितली आणि मला म्हणाल्या, चल. मी म्हटलं, गावच्या आशाताईंना पाठवता येईल. त्या म्हणाल्या, आशाताईंनी क्वेरी लिहिली होती का?

गावात पोचलो तर घरात कोमलची आई भेटली. मुलगी सासरी गेली होती, आठ दिवस झाले. बाळंतपण माहेरी झालं, म्हणून आमच्याकडे पत्ता माहेरचा. सासर चांदूर रेल्वेच्या पुढे. आम्ही तसेच पुढे निघालो. दोन्हीकडे कपाशी होती, रस्ता खराब होता आणि मी रडवेला झालो होतो. मी काहीतरी बोललो, की मला हे काम जमणार नाही, सोडून देतो. तेव्हा मॅडमनी अकोल्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी मला एकदाच सांगितली.

तेव्हा त्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणी करत होत्या. ज्यांचा एक डोळा झाला आहे त्यांना दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला बोलवायची यादी त्याच करायच्या. नोंदी त्यांनी नावावरून जुळवल्या होत्या. एकाच नावाचे दोन म्हातारे होते, वडिलांचं नावही तेच. एकाचा दुसरा डोळा झाला, आणि यादीत दोघांचाही झाल्याची खूण पडली. राहिलेला म्हातारा वर्षभर घरी बसून बोलावण्याची वाट बघत होता. शेवटी नातवाचा हात धरून आपणच आला, तेव्हा त्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॅडमना वाटलं तो शिव्या देईल. त्याने शिव्या दिल्या नाहीत.

"तो म्हणे, मले वाटलं माहा नंबर आला नसन," मॅडम म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "मी बी सोडून देणार होती. मंग वाटलं, माह्या जाग्यावर जो येईन त्याले हे ठाऊक नसन. मले तर आता ठाऊक हाये."

कोमलचं सासरचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात सासरे बसले होते, आत कोमल बाळाला घेऊन. बाळ झोपलेलं होतं. शेजारच्या बाया कौतुक सांगू लागल्या की पोरगी लय गुणाची आहे, रडतच नाही, दिवसभर झोपून राहते, दूधसुद्धा मागत नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या आजारात बाळं अशीच गप्प असतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जीपमध्ये मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, नेहमीची तपासणी आहे असं सांगायचं. लोक घाबरणार नाहीत आणि बोभाटाही होणार नाही. मॅडमनी मला तोंड उघडू दिलं नाही. त्या सासऱ्यांसमोर खाली बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "काकाजी, चूक आमची हाये. या पोरीले तीन हप्त्यांपयले बोलवायले पायजे होतं. आमच्या यादीतून तिचं नाव सुटलं. आता एक घडीही घालवू नका, आमच्यासंगं चाला."

सासरे उठले. त्यांचा आवाज चढला. एवढा मोठा दवाखाना, एवढे संगणक, आणि एक नाव सुटतं कसं, असं ते विचारत होते. मॅडमनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी त्यांच्याशेजारी उभा होतो आणि ते सगळे शब्द माझे आहेत हे मला कळत होतं. बोलून बोलून म्हातारा थकला. तेवढ्यात कोमलने बाळ दुपट्यात गुंडाळलं, चपला घातल्या आणि कोणालाही न विचारता जीपमध्ये जाऊन बसली. मग सासरेही आले.

रक्त तपासलं. जे वाटत होतं तेच निघालं. त्याच संध्याकाळी पहिली गोळी आईच्या दुधात विरघळवून चमच्याने पाजली. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या, अजून वेळ होता, पण फार नव्हता. पुढे ती मुलगी दर महिन्याला तपासणीला यायची. चार महिन्यांची असताना ती आमच्या खोलीच्या दारात आईच्या कडेवर अशी काही भोकाड पसरून रडली की धोबीखान्यातली माणसं बघायला आली. मॅडम हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

झाल्या प्रकाराचा लेखी अहवाल मोठ्या डॉक्टरांना द्यायचा होता. मी रात्रभर जागून माझ्या नावाने लिहिला, शेवटी राजीनामाही लिहिला. मॅडमनी सकाळी तो वाचला, राजीनाम्याचं पान काढून चोपडीत घातलं आणि बाकीच्या मजकुराखाली आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या: रजेवर जाताना यादी तपासण्याची जबाबदारी मी कोणालाही सोपवून गेले नाही, म्हणून या चुकीत माझाही वाटा आहे. खाली सही. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही तर रजेवर होतात. त्या म्हणाल्या, म्हणूनच. मोठ्या डॉक्टरांनी दोघांनाही बोलावून घेतलं, अर्धा तास ऐकवलं, आणि शेवटी हे परत होऊ नये म्हणून काय करणार ते विचारलं. मॅडमनी सांगितलं की यादी शून्य आली की आता ती आपोआप जाणार नाही. दोन माणसांनी रजिस्टर उघडून बघायचं आणि सही करायची. तो नियम अजून आहे.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभ ठेवला होता. त्यांनी भाषण केलं नाही. शाल घेतली, नारळ घेतला आणि नेहमीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या. मी बडनेऱ्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्या मला उरलेल्या कामांची यादी सांगत होत्या, कुठल्या केंद्राला कुठली कार्डं संपत आली आहेत वगैरे. गाडी आली तेव्हा मी वाकून पाया पडलो. त्यांना ते आवडलं नाही. सरळ उभा राहा, म्हणाल्या, आणि चढल्या. मूर्तिजापूरचं घर सोडून मग त्या अकोल्यात मंदाताईंकडे राहायला गेल्या.

गेल्या थंडीत त्या गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, एका दुपारी, काही तासांत. मला निरोप मिळाला तेव्हा मी बैठकीत होतो. अकोल्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मंदाताईंनी विचारलं, काही हवं आहे का तिच्या वस्तूंतलं? मी काहीही न घेता निघालो. परतताना गाडीत मला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली आमची शेवटची भेट आठवत होती, आणि त्यांच्याविषयी कोणी विचारलं तर अजूनही मला तीच आठवते.

अकोल्यातला उन्हाळा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कामाने आलो होतो, दुपारच्या गाडीने परत निघणार होतो, म्हणून तासाभरासाठी डोकावलो. कूलर घरघरत होता. मंदाताईंनी पन्हं दिलं. मॅडमनी विचारलं, सध्या काय करून राहिला? मी लॅपटॉप उघडून एक नवी क्वेरी दाखवली. प्रत्येक बाळाच्या अनेक तपासण्यांमधून फक्त शेवटची निवडायची होती. पूर्वी आम्ही ते लांबलचक पद्धतीने करायचो. आता एक नवी रीत आली होती, ती प्रत्येक बाळाच्या तपासण्यांना नव्याकडून जुन्याकडे क्रमांक देते, मग फक्त पहिल्या क्रमांकाची घ्यायची. मॅडम चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिल्या.

"मले नाई समजलं," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी अवघडलो. लॅपटॉप मिटू लागलो, नवीनच आहे, मलाही नीट येत नाही, असं काहीबाही बोललो. त्यांनी माझा हात बाजूला केला. मिटू नको, शिकव, म्हणाल्या. मग पासष्टीच्या मॅडम स्टुलावर सरळ पाठीने बसल्या आणि मी त्यांना शिकवू लागलो. एकदा सांगितलं, नाही समजलं. दुसऱ्यांदा कागदावर आकृती काढून सांगितलं, तरी नाही. त्यांना त्याची जराही लाज वाटत नव्हती. हा शब्द इथे कशाला, तो नसता तर काय झालं असतं, असे एकामागून एक प्रश्न विचारत राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि स्वतः टाइप करायला घेतलं, दोन बोटांनी, कळा शोधत शोधत. दोनदा चूक आली. माझी गाडी केव्हाच निघून गेली होती, हे मला घड्याळ बघितल्यावर कळलं.

पुढच्या वेळेला यादी आली. प्रत्येक बाळ एकदाच, शेवटच्या तारखेसकट. मॅडमनी बोट लावून पहिली दहा नावं एकेक करून पाहिली. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "मंदा, दोन भाकरी जास्तीच्या टाक. हा आता जेवूनच जाईन."